घरातलं नेट मांगरापर्यंत कसं न्यायचं?



आपल्यापैकी बहुतेकांची मांडणी सारखीच असते. वर रस्त्याकडे राहतं घर, खाली खाडीच्या अंगाला मांगर. मांगरात जाळी, दोर, इंजिनाचे सुटे भाग, बर्फाच्या पेट्या. हंगामात खलाशीसुद्धा तिथेच झोपतात. नेटची वायर मात्र घरात आलेली असते आणि राऊटर टीव्हीशेजारी असतो. हिशेब, बिलं, मुलांचा अभ्यास सगळं वर चालतं, आणि खाली मांगरात मोबाईलवर एक काडी आली तर आली.

आमच्या घरी होडीचा हिशेब मी बघते. दोन वर्षांमागे ऑक्टोबरमध्ये रात्री साडेदहाला माझ्या फोनवर संदेश आला की उद्यापासून वारं वाढणार, समुद्रात जाऊ नका. मी झोपले होते. पहाटे चहा ठेवताना तो वाचला आणि खाली धावत गेले, तर होडी तीनलाच सुटलेली. देवाच्या दयेने दुपारी सगळे परत आले, पण जाळं कापून टाकून यावं लागलं. दीर एवढंच म्हणाले, "वहिनी, मेसेज आला होता तर! पण आम्ही मांगरात, नि मांगरात रेंज कुठे?"

त्या दिवशी ठरवलं की नेट खाली न्यायचं. ते करताना आम्ही दोन चुका केल्या. तुमचे पैसे तसे वाया जाऊ नयेत म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

१. राऊटरची रेंज तिथे का पोचत नाही?

आमचं घर आणि मांगर यांत पावलांनी मोजून १३० मीटर अंतर आहे. मोकळ्या मैदानात एखादा राऊटर एवढं अंतर कसंबसं गाठेलही. पण आपल्या भिंती चिऱ्याच्या. चिरा जाड असतो, पावसाळ्यात पाणी पितो, आणि पाणी हे वायफायच्या लहरी गिळतं. वर मांगरावर पत्र्याचं छप्पर असेल तर तो पत्रा लहरी परत फेकतो.

आणखी एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. वायफाय म्हणजे दोघांचं बोलणं आहे. राऊटरचा आवाज फोनला ऐकू आला तरी फोनचा बारीक आवाज राऊटरपर्यंत परत पोचायला हवा. म्हणूनच कधीकधी फोनवर दोन काड्या दिसतात, पण पान काही उघडत नाही.

२. वाटा चार आहेत

रिपीटर: ही आमची पहिली चूक. आम्ही रिपीटर आणला आणि सरळ मांगरात लावला. तिथे मुळात रेंजच नव्हती, तो पुढे देणार काय? रिपीटर जिथे अजून चांगली रेंज आहे तिथेच, म्हणजे अर्ध्या वाटेवर लावायचा असतो. साधा रिपीटर एकाच रेडिओने ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. घरातल्या मागच्या खोलीसाठी तो ठीक आहे. मांगरासाठी नाही.

तांब्याची नेटवर्क वायर: हिची मर्यादा १०० मीटर. त्याच्या आत अंतर असेल तरी एका इमारतीतून दुसरीत उघड्यावरून तांबं नेणं धोक्याचं. जवळ कुठे वीज पडली की तिचा झटका त्या वायरीतून दोन्हीकडची यंत्रं घेऊन जातो.

ऑप्टिकल फायबर: काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही, अंतराचीही अडचण नाही. जमीन खणून पाईप टाकायची सोय असेल तर हीच सगळ्यांत टिकाऊ वाट. दोन्ही टोकांना एकेक मीडिया कन्व्हर्टर लागतो. मात्र ज्या फायबरमध्ये आधाराला लोखंडी तार असते ती घेऊ नका, नाहीतर वीज वाहत नाही हा फायदाच गेला.

बिनतारी पूल: एकमेकांकडे तोंड करून लावलेले दोन बाहेरचे रेडिओ. एक घराच्या भिंतीवर, दुसरा मांगरावर. साधा राऊटर म्हणजे चहूकडे उजेड टाकणारा बल्ब आणि हा रेडिओ म्हणजे बॅटरीचा झोत. तीच ताकद एका दिशेला गेली की लांब पोचते. खणायला जागा नाही, मधे माडांची मुळं, वाट, गटार आहे, अशा ठिकाणी हाच उपाय. आम्ही हाच केला.

३. नजरेला नजर भिडली पाहिजे

या पुलाचा पहिला नियम हा की एका रेडिओच्या जागेवरून दुसऱ्याची जागा डोळ्यांना स्वच्छ दिसली पाहिजे. शिडी लावा, वर चढा आणि बघा. "झाडाच्या फांदीतून थोडं दिसतं" म्हणजे दिसत नाही असंच समजा.

नुसती सरळ रेषा मोकळी असूनही भागत नाही. लहर दोरीसारखी बारीक जात नाही. वरून पाहिलेल्या होडीसारखा तिचा आकार असतो, दोन्ही टोकांना निमुळता आणि मधे फुगलेला. १३० मीटर अंतर आणि ५ गिगाहर्ट्झचा रेडिओ असेल तर ठीक मध्यावर हा फुगा रेषेपासून चारी बाजूंना साधारण १.३ मीटर असतो. २०० मीटरला साधारण १.६ मीटर, आणि एका किलोमीटरला ३.६ मीटर. यातला निदान साठ टक्के भाग मोकळा हवा. म्हणजे आमच्या अंतराला मधल्या भागात रेषेच्या वर, खाली, बाजूला पाऊण-एक मीटर काही येता कामा नये: झावळ नाही, कपड्यांची दोरी नाही, वाळत टाकलेलं जाळंही नाही.

माडाची झावळ उन्हाळ्यात आड येत नाही असं वाटतं. पावसात ती पाण्याने जड होऊन खाली झुकते आणि ओली झाली की लहरी जास्त खाते. म्हणून रेषा ठरवताना पावसाळ्यातला माड डोळ्यांसमोर आणा. आणि मधे खाजनाचं किंवा खाडीचं पाणी असेल तर पाण्यावरूनही लहर परतते. भरती-ओहोटीला पाण्याची पातळी बदलली की रेंज खालीवर होते. अशा जागी एक दिवस भरतीला आणि एक दिवस ओहोटीला तपासून मगच पक्कं करा. रेडिओची उंची फूट-दोन फूट बदलली तरी बराच फरक पडतो.

आता आमची दुसरी चूक. घराशेजारचा उंच माड बघून रेडिओ त्यालाच बांधला. सासरे अंगणातून म्हणाले, "अरे, माड वाऱ्याला झुलतो. तुमची पेटी त्याच्यासोबत झुलणार." तसंच झालं. वारा पडला की नेट चालू, वारा सुटला की बंद. ज्या दिवशी नेटची गरज जास्त त्याच दिवशी ते बंद! शेवटी भिंतीला जीआय पाईप ठोकून त्यावर बसवला. माड उंच असल्यामुळे विजेचीही भीती होतीच, ती वेगळी.

४. काय विकत घ्यायचं?

दुकानात "आउटडोअर सीपीई, पाच गिगाहर्ट्झ, दोन नग" असं मागा. मांगर एकच आणि अंतर २००-३०० मीटरच्या आत असेल तर सर्वांत महाग मॉडेलची गरज नाही. यादी अशी:

– एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे दोन रेडिओ. सोबत पीओई ॲडॉप्टर येतात का ते पाहा. पीओई म्हणजे एकाच वायरीतून नेट आणि वीज दोन्ही वर चढतात, वर वेगळा प्लग लागत नाही.
– बाहेर चालणारी काळ्या आवरणाची नेटवर्क वायर. आतली राखाडी वायर उन्हात दोन वर्षांत तडकते. वायर पूर्ण तांब्याची मागा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर स्वस्त असते, पण तिच्यातून वीज कमी पोचते. आणि खाऱ्या हवेत तांबं-ॲल्युमिनियम एकत्र आलं की काय होतं ते बोटवाल्यांना मी काय सांगू!
– मांगरात लावायला एक साधा राऊटर. घरातला जुना पडून असेल तर तोही चालेल.
– क्लॅम्प आणि नट-बोल्ट एसएस ३१६ चे. ३०४ समुद्राच्या अगदी कडेला गंजाचे डाग धरतं.

५. आधी टेबलावर जोडा, मग वर चढवा

शिडीवर बसून सेटिंग करू नका. दोन्ही रेडिओ घरातच टेबलावर तीन-चार मीटर अंतरावर ठेवून जोडून घ्या. इतक्या जवळ असताना त्यांची ताकद सर्वांत कमी ठेवा.

घराकडच्या रेडिओला "ॲक्सेस पॉइंट" करा आणि मांगराकडच्याला "क्लायंट" किंवा "स्टेशन". काही कंपन्यांच्या डब्यात जोडी आधीच जुळवलेली येते.

प्रत्येकाला वेगळा पत्ता द्या. घरातला राऊटर १९२.१६८.१.१ असेल तर घराकडच्या रेडिओला शेवटी २, मांगराकडच्याला ३ आणि मांगरातल्या राऊटरला ४. हे आकडे वहीत लिहून ठेवा. वर्षभराने काही बिघडलं की हीच वही कामाला येते. आणि हे पत्ते राऊटर फोनांना वाटतो त्या यादीबाहेरचे असू द्या.

मांगरातल्या राऊटरमध्ये "डीएचसीपी" बंद करा, किंवा त्याला "ॲक्सेस पॉइंट मोड"मध्ये टाका. हे विसरलं की दोन राऊटर फोनांना पत्ते वाटायला लागतात. एका होडीवर दोन तांडेल झाले तर काय होईल? तेच होतं. डीएचसीपी हाताने बंद केलं असेल तर रेडिओकडून येणारी वायर त्या राऊटरच्या "लॅन" छिद्रात लावा, "वॅन"मध्ये नाही.

पीओई ॲडॉप्टरला दोन छिद्रं असतात. "पीओई" लिहिलेलं रेडिओकडे, "लॅन" लिहिलेलं राऊटरकडे. उलटं लावलं तर रेडिओची वीज राऊटरमध्ये शिरते आणि राऊटर जळू शकतो. घाईत सगळ्यांत जास्त हीच चूक होते. आम्ही छिद्राशेजारी लाल नेलपॉलिशने खूण केली.

कंपनीने दिलेला पासवर्ड लगेच बदला. पुलाला डब्ल्यूपीए-२ किंवा त्याहून नवं कुलूप लावा. राऊटरमध्ये "गेस्ट नेटवर्क"ची सोय असेल तर खलाशांना ते द्या. ही मुलं लांबून येतात, रात्री घरी व्हिडिओ कॉल करणं हा त्यांचा हक्कच आहे. पण बँकेचे व्यवहार ज्या नेटवर्कवर चालतात ते वेगळं असलेलं बरं.

६. रोखणं

दोघं लागतात. एक शिडीवर, एक खाली मोबाईलवर रेडिओचं पान उघडून. पानावर सिग्नलचा आकडा उणे चिन्हाने दिसतो. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. −५० ते −६५ उत्तम, −७० ला काम चालतं, −८० ला पाऊस आला की तुटणार. तीनचा फरक म्हणजे ताकद दुप्पट किंवा निम्मी.

आधी डावी-उजवीकडे अगदी हळू फिरवा. आकडा वाढला म्हणून तिथेच थांबू नका, पूर्ण पलीकडे नेऊन परत आणा. झोताच्या कडेलाही एखादी खोटी जागा सापडते, तिथे आकडा थोडा चढतो आणि आपण फसतो. सर्वांत चांगली जागा सापडली की वर-खाली बघा, मग बोल्ट आवळा. आवळताना आकडा पुन्हा वाचा. मग दुसऱ्या टोकाला जाऊन तेच करा.

आमचा पहिला आकडा −७९ होता. मोकळ्या हवेत १३० मीटरला एवढा वाईट आकडा येऊच नये. वर जाऊन बघितलं तर एक झावळ बरोबर मधे. ती काढल्यावर −५८ आला. आकडा खूपच चांगला, −४० च्याही वर आला, तर ताकद कमी करा. दोन माणसं कानात ओरडून बोलली तर ऐकू येत नाही, तसंच ते.

७. खारं वारं आणि वीज

रेडिओचं वायरीचं तोंड नेहमी खाली. वायर घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून टपकतं, वायरीबरोबर आत येत नाही. जोडावर सिलिकॉन ग्रीस आणि वर ओढून चिकटणारी रबरी टेप. हे केलं नाही तर एका पावसाळ्यात पिना हिरव्या होतात. महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने रेडिओवरचं मीठ पुसा.

आपल्याकडे विजा जास्त चमकतात त्या पावसाच्या आधी एप्रिल-मे महिन्यांत आणि परतीच्या पावसात. पाईपला अर्थिंग करा, इलेक्ट्रिशियनला सांगून दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर बसवा. तरीही ढग गडगडायला लागले की दोन्ही पीओई ॲडॉप्टर भिंतीतून काढा आणि त्यांची राऊटरकडची वायरही सोडवा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी हे ॲप जवळपास पडणाऱ्या विजेची सूचना देतं, ते फोनवर असू द्या. शिडीचं काम सकाळीच उरका.

वादळात आधी जातो तो करंट. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा काय झालं ते सगळ्यांना आठवत असेलच. म्हणून बॅकअप दोन्ही टोकांना हवा. घरात नेटचा डबा, राऊटर आणि रेडिओ, आणि मांगरात रेडिओ आणि राऊटर. नुसत्या घरात इन्व्हर्टर असून उपयोग नाही, पुलाचा एक पाय पाण्यात गेला तर पूल कसला? मांगरातली दोन्ही यंत्रं मिळून साधारण १५ वॅट घेतात. १२ व्होल्ट ७ ॲम्पिअर-अवरची छोटी बॅटरी अर्धी वापरली तर दोन-अडीच तास निघतात. रात्रभर हवं असेल तर मोठी बॅटरी घ्या.

८. कायद्याचं दोन शब्दांत

२.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या ठरवून दिलेल्या पट्ट्यांत ठराविक ताकदीपर्यंत आपल्या देशात वेगळा परवाना लागत नाही. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा सरकारने २०१८ साली मोठ्या प्रमाणात मोकळा केला. रेडिओच्या सेटिंगमध्ये देश "इंडिया" निवडा, म्हणजे तो मर्यादेत राहतो. दुसरा देश निवडून ताकद वाढवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. चॅनेल १४९ ते १६१ मधलं घ्या. खालची काही चॅनेलं रडारसोबत वाटून घ्यावी लागतात, तिथे रडारचा सुगावा लागला की रेडिओ आपोआप चॅनेल सोडतो आणि मधेच नेट तुटतं.

हे सगळं स्वतःच्या एकाच जागेतल्या इमारतींसाठी आहे. शेजाऱ्यांना पैसे घेऊन नेट विकणं वेगळं, ते परवानगीशिवाय करता येत नाही. धक्क्यावर सर्वांसाठी वायफाय हवं असेल तर त्यासाठी केंद्राची पीएम-वाणी योजना आहे, डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली.

९. हे विसरू नका

मांगरातलं नेट किनाऱ्यापुरतं. होडी सुटली की त्याचा काही उपयोग नाही. समुद्रात व्हीएचएफ सेट, चॅनेल १६ आणि जीवरक्षक जॅकेट हेच आपले सोबती. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ प्रत्येकाला तोंडपाठ हवा. नेटचा उपयोग सुटण्याआधीचा: हवामान खात्याचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा अंदाज तांडेलाने स्वतःच्या डोळ्यांनी वाचणं.

आमच्याकडे आता मांगराच्या दाराशी एक जुना मोबाईल खिळ्याला टांगलेला आहे, चार्जरला कायम लावलेला, आवाज पूर्ण मोठा. इशाऱ्याचा संदेश आला की तो वाजतो. पहाटे सुटण्याआधी दीर तो हातात घेतात, वाचतात आणि मगच दोर सोडतात. मागच्या हंगामात दोनदा त्यांनी वाचलं आणि खलाशांना सांगितलं, "झोपा रे, आज जायचं नाय."

एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

१ जूनपासून बंदी सुरू झाली की होड्या वर येतील आणि हातात वेळ असेल. पण भर पावसात शिडीवर चढू नका. त्याआधीच्या कोरड्या सकाळी रेषा बघून घ्या, माड कुठे आड येतो ते ठरवा, पाईप ठोकून ठेवा. मग जून-जुलैच्या पावसात आकडा किती खाली जातो ते रोज वहीत लिहा. त्या दोन महिन्यांत पूल टिकला, तर १ ऑगस्टला होडी सुटताना तो तुमच्या भरवशाचा झालेला असेल.